सपाट बुडाची लहान नाव : बांधणी, चाचणी आणि निगा

आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून पैनगंगा वाहते. बुलढाणा जिल्ह्यातील अजिंठा डोंगररांगेत उगम पावणारी ही नदी विदर्भ व मराठवाड्याच्या सीमेने पुढे येते आणि चंद्रपूर जिल्ह्यात वर्धेस मिळते. तामसी व आसपासच्या गावांत मराठी आणि तेलुगू या दोन्ही भाषा बोलल्या जातात. नदीच्या दोन्ही तीरांवर नातेसंबंध आहेत, शेती आहे, बाजारहाट आहे. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या, त्यानंतर आंध्र प्रदेशच्या आणि २ जून २०१४ पासून तेलंगणाच्या प्रशासनाखाली असलेल्या या भागात राज्याच्या सीमा बदलल्या, परंतु नदी ओलांडण्याची गरज बदलली नाही. तामसी मंडळातील वड्डाडी गावाजवळ मत्तडीवागू हा मध्यम प्रकल्प झाला. 'वागू' म्हणजे ओढा. या ओढ्याचे पाणी अडल्याने शेतीस सिंचन मिळाले व त्याबरोबरच मासेमारीस योग्य असा जलाशयही उपलब्ध झाला.

उथळ नदी आणि लहान जलाशय या दोन्ही ठिकाणी खोल बुडाची नाव गैरसोयीची ठरते. येथे हवी असते ती हलकी, थोड्या पाण्यात तरंगणारी, काठाच्या चिखलावर सरळ टेकणारी आणि गावातील सुतारास किंवा हाताने काम करण्याची सवय असलेल्या कुटुंबास बांधता येईल अशी नाव. सपाट बुडाची फळ्यांची नाव या गरजा पुऱ्या करते. पूर्वी एकाच मोठ्या खोडातून कोरून डोंगा तयार करीत असत. आता तेवढ्या घेराची झाडे दुर्मिळ झाली आहेत व ती तोडणे इष्टही नाही. फळ्यांच्या नावेस मात्र लहान मापाचे लाकूड पुरते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनेही सपाट बुडाच्या मासेमारी नावांचे आराखडे १९७४ साली प्रसिद्ध केले होते, यावरून या प्रकारच्या नावेची उपयुक्तता ध्यानात येईल.

सपाट बुडाचे गुण व मर्यादा

नाव तरंगते ती तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनामुळे. बूड सपाट व रुंद असल्यास थोडीशी बुडूनही नाव पुष्कळ पाणी बाजूला सारते. म्हणूनच ती उथळ पाण्यात चालते. नाव एका अंगाला कलली की त्या बाजूचा अधिक भाग पाण्यात जातो, तेथे पाण्याचा वर लोटणारा जोर वाढतो आणि नाव पुन्हा सरळ होऊ पाहते. हा जोर रुंदीवर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. लांबी तीच ठेवून रुंदी दुप्पट केल्यास कलण्यास होणारा विरोध सुमारे आठपट होतो. ६० सेंमी रुंद डोंग्याऐवजी ९० सेंमी रुंद नाव घेतल्यास हा विरोध तिपटीहून अधिक वाढतो. अरुंद डोंग्यात उभे राहणे धोक्याचे आणि रुंद नावेत बसून जाळे ओढणे सोपे, याचे कारण हेच आहे.

मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे समजून घेतल्या पाहिजेत. सपाट बुडाची नाव लाटेच्या उतारासरशी कलते. वारा सुटला की ती आडवी वाहत जाते. भार वाढला की तिची कड पाण्याजवळ येते आणि एकदा कडेवरून पाणी आत शिरू लागले की आतील पाणी एका बाजूस धावून नाव उलटते. म्हणून ही नाव शांत पाण्यासाठी आहे. पुराच्या पाण्यात किंवा मोठ्या जलाशयाच्या मध्यभागी वारा असताना ती नेऊ नये.

मापे व भारक्षमता

येथे वर्णन केलेली नाव ३६० सेंमी (सुमारे १२ फूट) लांब आहे. तिचे मधले २४० सेंमी बूड सपाट असून दोन्ही टोकांकडील ६० सेंमी भाग २५ सेंमीपर्यंत वर चढत जातो. बुडाची रुंदी ९० सेंमी, वरच्या कडेची रुंदी ११० सेंमी आणि आतील उंची ४० सेंमी. बाजू सरळ व किंचित बाहेर झुकलेल्या असल्याने फळ्या वाकविण्याचे अवघड काम टळते.

अशी नाव सागवानी केल्यास तिचे वजन सुमारे १३० किलो भरते. रिकामी असताना ती साधारण ६ सेंमी बुडते. त्यानंतर प्रत्येक सेंटिमीटर बुडण्यास सुमारे २५ किलो भार लागतो. दोन माणसे, जाळी व मासळी मिळून १६० किलो भार ठेवल्यास नाव सुमारे १२ सेंमी बुडते व २८ सेंमी कड पाण्याबाहेर राहते. कोणत्याही परिस्थितीत २५ सेंमी कड पाण्याबाहेर राहिली पाहिजे, असा नियम ठेवावा. या हिशेबाने भाराची कमाल मर्यादा २५० किलो, म्हणजेच सामानासह तीन माणसे, एवढी ठरते. जागा दिसते म्हणून चौथा माणूस घेणे म्हणजे हीच कड कमी करणे होय.

लाकडाची निवड

आदिलाबादचे जंगल सागवानासाठी प्रसिद्ध आहे. सागात नैसर्गिक तेल असते, ते पाण्यात फारसे फुगत नाही, वाळताना कमी आक्रसते आणि कुजण्यास व वाळवीस दाद देत नाही. परंतु हे गुण लाकडाच्या पक्क्या गाभ्याचे आहेत. सालीलगतचा फिकट थर लवकर कुजतो, म्हणून तो काढून टाकलेल्या फळ्या घ्याव्यात. आतील चौकटींसाठी बाभूळ किंवा ऐन चालू शकेल.

लाकूड वन विभागाच्या आगारातून किंवा परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावे आणि त्याची पावती व वाहतुकीचा परवाना जपून ठेवावा. राज्याची सीमा ओलांडून लाकूड न्यावयाचे असल्यास याची विशेष दक्षता घ्यावी. कागदपत्राविना घेतलेले लाकूड स्वस्त पडले तरी जप्तीची व दंडाची टांगती तलवार राहते.

फळ्या ओल्या असताना वापरू नयेत. सावलीत, जमिनीपासून उंच, प्रत्येक दोन थरांमध्ये पातळ पट्ट्या ठेवून त्या रचाव्यात व काही महिने वाळू द्याव्यात. ओल्या फळ्यांची नाव पहिल्याच उन्हाळ्यात सांध्यांतून उघडते. गाठी, भेगा व पीळ असलेल्या फळ्या बुडासाठी घेऊ नयेत.

लागणारे साहित्य

१. बाजू : ३६० सेंमी लांब, ४१ सेंमी रुंद, २ सेंमी जाड, दोन नग. एवढी रुंद फळी न मिळाल्यास दोन फळ्या जोडाव्यात.
२. बूड : १५ सेंमी रुंद व २ सेंमी जाड आडव्या फळ्या, सुमारे पंचवीस.
३. दोन्ही टोकांचे पाट : १५ सेंमी उंच, ३ सेंमी जाड.
४. चौकटी : ७ × ३ सेंमी छेदाच्या लाकडाच्या तीन.
५. बूड व बाजू यांच्या कोपऱ्यातील पट्ट्या : ४ × ४ सेंमी.
६. वरच्या कडेच्या पट्ट्या : ५ × २.५ सेंमी.
७. बुडाखालील लांब पट्ट्या : ५ × २ सेंमी, तीन.
८. बैठकीचे पाट : २५ सेंमी रुंद, तीन.

हे सर्व मिळून ७ घनफूट लाकूड होते. कापणीतील तूट धरून ९ घनफूट घ्यावे. याशिवाय जस्ताचा मुलामा दिलेले खिळे व नटबोल्ट, कापसाचे सूत, राळ, जवसाचे तेल आणि डांबर लागते. साधे लोखंडी खिळे वापरू नयेत. ते गंजतात आणि गंजाभोवतीचे लाकूडही कुजू लागते. खिळ्याची लांबी फळीच्या जाडीच्या अडीच ते तीनपट असावी, म्हणजे २ सेंमी फळीस ५ ते ६ सेंमी खिळा योग्य होय.

हत्यारांमध्ये करवत, रंधा, पटाशी, वाकस, गुण्या, गिरमिट, हातोडी व फळ्या धरून ठेवणारे शिकंजे एवढी पुरेशी आहेत.

बांधणीचा क्रम

पहिली पायरी आखणीची. सारवलेल्या किंवा सिमेंटच्या सपाट जमिनीवर चौकटीचे चित्र खडूने प्रत्यक्ष मापात काढावे : खाली ९० सेंमी, वर ११० सेंमी, उंची ४० सेंमी. तिन्ही चौकटी याच एका चित्रावर ठेवून तयार केल्यास त्या एकसारख्या होतात. प्रत्येक चौकटीत एक तळचा तुकडा व दोन उभे तुकडे असतात. सांध्यात बोल्ट घालावेत. चौकटीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत पट्टी बसण्यासाठी खाच करावी व त्या खाचेजवळच पाणी वाहून जाण्यास लहान फट ठेवावी. ही फट न ठेवल्यास चौकटीच्या आड पाणी साचते आणि कुजण्याची सुरुवात तेथूनच होते.

दुसरी पायरी मांडणीची. नाव उपडी बांधतात. दोन सरळ वासे समांतर व समपातळीत पक्के करून त्यांवर चौकटी उलट्या उभ्या कराव्यात. एका टोकापासून ६०, १८० व ३०० सेंमी अंतरावर त्या येतात. मध्यभागी सुती दोरी ताणून प्रत्येक चौकटीचा मध्य दोरीखाली येतो की नाही ते पाहावे. येथे झालेली चूक पुढे दुरुस्त होत नाही आणि नाव कायम एका अंगाला ओढते.

तिसरी पायरी बाजूंची. दोन्ही बाजूंच्या फळ्या एकावर एक ठेवून एकदम कापाव्यात, म्हणजे त्या तंतोतंत सारख्या होतात. दोन्ही टोकांकडे ६० सेंमी अंतरात २५ सेंमी चढ आखून खालची कड कापावी. मग फळ्या चौकटींवर व टोकांच्या पाटांवर बसवाव्यात. बाजू बाहेर झुकलेल्या असल्याने टोकाच्या पाटाची खालची रुंदी ९० नव्हे, तर सुमारे १०२ सेंमी येते हे विसरू नये. प्रत्येक खिळ्यासाठी गिरमिटाने आधी खिळ्यापेक्षा बारीक छिद्र पाडावे. सागाची फळी कडेजवळ सहज तडकते. सांध्यात राळ व तेलाच्या लुकणात भिजविलेले सूत घालून मगच खिळे ठोकावेत.

चौथी पायरी कोपऱ्याच्या पट्ट्यांची. या पट्ट्या बाजूंच्या आतून, खालच्या कडेशी समपातळीत बसतात. बूड वळते तेथे पट्टीचे तुकडे करून जोडावेत. त्यानंतर लांब रंधा दोन्ही बाजूंवर आडवा फिरवून पट्टी व बाजू यांची कड एका पातळीत आणावी. नावेचा पाण्यापासून बचाव मुख्यत्वे याच सांध्यावर अवलंबून असतो, म्हणून या कामास वेळ द्यावा.

पाचवी पायरी बुडाची. बुडाच्या फळ्या लांबीच्या दिशेने न घालता आडव्या घालतात. आडव्या फळ्या आखूड असल्याने लहान लाकूड उपयोगी पडते, वळण घेणे सोपे होते आणि एखादी फळी कुजल्यास तेवढीच बदलता येते. दोन फळ्या आतल्या अंगाने एकमेकींस भिडाव्यात व बाहेरच्या अंगास दोन-तीन मिलिमीटरची निमुळती फट राहावी, अशा रीतीने कडा रंधून घ्याव्यात. या फटीत कापसाचे सूत बोथट पटाशीने हलकेच ठोकून बसवावे. फार दाबून भरल्यास लाकूड फुगल्यावर फळ्या खिळ्यांवरून उचलल्या जातात. वरून राळ व जवसाच्या तेलाचे लुकण भरावे. हे मिश्रण मंद आचेवर, उघड्यावर, घरापासून व लाकडाच्या भुशापासून दूर तयार करावे. त्यास चटकन पेट लागतो व तो पाण्याने विझवू नये. भांड्यावर झाकण किंवा वाळू टाकावी.

सहावी पायरी बुडाखालील तीन लांब पट्ट्यांची. एक मध्यभागी व दोन कडेला बसवितात. त्यांचे काम तिहेरी आहे. त्या आडव्या फळ्यांना एकत्र बांधतात, खडकावर व वाळूवर बुडाची झीज थांबवितात आणि वल्हवताना नाव सरळ ठेवतात.

यानंतर नाव सुलटी करून वरच्या कडेच्या पट्ट्या व बैठकीचे पाट बसवावेत. बैठक शक्य तितकी खाली ठेवावी. माणूस जितका खाली बसेल तितका नावेचा तोल चांगला. दोन्ही टोकांच्या बैठकीखाली घट्ट झाकणाचे २० लिटरचे रिकामे प्लास्टिकचे डबे पक्के बांधावेत. नाव पाण्याने भरल्यास प्रत्येक डबा सुमारे २० किलो भार उचलून धरतो व बुडणाऱ्यास धरण्यासाठी आधार शिल्लक राहतो. शेवटी आतून तेलाचे व बाहेरून डांबराचे दोन हात द्यावेत.

पाण्यातील चाचणी

नाव तयार झाली म्हणजे ती लगेच वापरण्यास योग्य झाली असे नाही. प्रथम काठावर ठोकळ्यांवर ठेवून आत चार-पाच सेंटिमीटर पाणी ओतावे व खालून गळणाऱ्या जागांवर खूण करावी. मोठ्या गळत्या बुजवून नंतर नाव उथळ पाण्यात दोन दिवस बांधून ठेवावी. लाकूड पाणी पिऊन फुगते आणि बारीक सांधे आपोआप मिटतात.

त्यानंतर भाराची चाचणी घ्यावी. वजन केलेल्या वाळूच्या पिशव्या हळूहळू ठेवून २५० किलो भार करावा आणि पाणी कोठपर्यंत येते ते पाहून बाहेरच्या दोन्ही अंगांस पांढऱ्या रंगाची ठळक रेघ मारावी. ही रेघ पाण्याखाली गेली की नाव हाकारू नये. अक्षरओळख नसलेल्यासही ही मर्यादा समजते. मग कंबरभर पाण्यात एका माणसास मध्यावरून कडेला सरकावयास सांगावे. कड किती खाली जाते हे सर्वांनी पाहिल्यावर नावेत एकदम उठू नये, दोघांनी एकाच बाजूस झुकू नये, हे वेगळे सांगावे लागत नाही.

निगा

समुद्रातील नावेचा मोठा शत्रू म्हणजे लाकूड पोखरणारा किडा. गोड्या पाण्यात तो नसतो. येथील नावेचे शत्रू तीन : ऊन, बुरशी आणि वाळवी. आदिलाबादच्या उन्हाळ्यात काठावर उघडी पडलेली नाव थोड्याच दिवसांत सांध्यांतून उघडते. वापर नसेल तेव्हा ती सावलीत उपडी ठेवावी अथवा दगड भरून उथळ पाण्यात बुडवून ठेवावी. जमिनीवर ठेवताना खाली दगड अथवा विटा द्याव्यात. नुसत्या मातीवर ठेवल्यास वाळवी लागते. साचलेले पावसाचे पाणी रोज उपसावे. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी जुने सूत काढून नवे भरावे, खिळे तपासावेत व डांबराचा हात द्यावा. पटाशीचे टोक टोचून लाकूड मऊ लागल्यास तेवढी फळी तत्काळ बदलावी.

इतर पर्याय

सागवान परवडत नसल्यास पाण्यास टिकणाऱ्या सागरी प्लायवुडचा विचार करता येईल. भारतीय मानक ७१० ची खूण असलेलेच प्लायवुड घ्यावे. साधे प्लायवुड एका पावसाळ्यात पदर सोडते. प्लायवुडच्या उघड्या कडा राळेने किंवा रंगाने बंद करणे अत्यावश्यक आहे. कोची येथील केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्थेने रबराच्या झाडाच्या स्वस्त लाकडावर रासायनिक प्रक्रिया करून व वरून काचतंतूचे आवरण देऊन लहान नावा तयार केल्या आहेत. काचतंतूच्या तयार नावाही आता अनेक जलाशयांवर दिसतात. त्या टिकाऊ असल्या तरी त्यांची दुरुस्ती गावात सहज होत नाही. काही ठिकाणी थर्माकोलचे तुकडे किंवा हवा भरलेली ट्यूब वापरून मासेमारी केली जाते. हा पर्याय स्वस्त वाटला तरी जिवावर बेतणारा आहे.

सुरक्षितता आणि नियम

१४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीत नाव उलटून ११ जणांचा मृत्यू झाला. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात वादळी वाऱ्यात नाव उलटून ६ जण दगावले. नाव लहान असो वा मोठी, मर्यादेबाहेर भार भरणे आणि वाऱ्याकडे दुर्लक्ष करणे या दोन गोष्टी तिला पेलत नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर अचानक सुटणारे वारे विशेष धोक्याचे असतात. आकाश भरून येताच काठ गाठावा. नावेत प्रत्येक माणसामागे एक जीवरक्षक जाकीट, पाणी उपसण्यास डबा, एक जादा वल्हे अथवा बांबू आणि दहा मीटर दोर नेहमी असावा. लहान मुलांना जाकिटाविना नावेत घेऊ नये. धरणातून पाणी सोडण्याची सूचना असताना नाव पाण्यात नेऊ नये.

घरगुती वापराची नाव व भाडे घेऊन उतारू नेणारी नाव यांत फरक आहे. अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ मध्ये यंत्राविना चालणाऱ्या नावांसंबंधीही तरतुदी आहेत. नाव पाण्यात घालण्यापूर्वी नोंदणीबाबत स्थानिक प्रशासनाकडे चौकशी करावी. जलाशयात मासेमारी करावयाची असल्यास मत्स्यव्यवसाय विभाग व तेथील मच्छीमार सहकारी संस्था यांची अनुमती घ्यावी. येथे वर्णन केलेली नाव उतारू वाहतुकीसाठी नाही.

दोन माणसांनी नियमितपणे काम केल्यास लाकूड वाळल्यानंतर ही नाव तीन ते चार आठवड्यांत तयार होऊ शकते. मच्छीमार संस्थांनी चौकटीचा एक पक्का नमुना करून ठेवल्यास सभासदांना एकाच मापाच्या नावा बांधता येतील, फळ्या एकत्रित खरेदी करता येतील आणि एकाच्या नावेची फळी दुसऱ्याच्या उपयोगी पडेल. भाराची पांढरी रेघ मात्र प्रत्येक नावेवर स्वतंत्र चाचणी घेऊनच मारावी.